उसनी बोली, बेदखल बोलणारे

विज्ञानकथेच्या लेखकाला नवा ग्रह वसवायचा असतो, तेव्हा जमीन, आकाश आणि गुरुत्वाकर्षण त्याला स्वतः कल्पावे लागते. भाषा मात्र तो बहुधा शेजारच्या घरातून उचलून आणतो. उचलण्याला माझा आक्षेप नाही. उसनवारीवाचून जगातील कोणतीही जिवंत भाषा वाढलेली नाही, आणि सीमाभागात राहणाऱ्याने तर या बाबतीत सोवळे पाळण्याचे ढोंग करूच नये. माझा आक्षेप एका विशिष्ट व्यवहाराला आहे. भाषेचा ध्वनी घ्यायचा आणि ती बोलणारी माणसे दाराबाहेर ठेवायची, असा हा व्यवहार. पाश्चात्त्य विज्ञानकथेत, विशेषतः तिच्या पडद्यावरील अवतारांत, तो इतका रुळला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

पेरू देशाने १९७५ साली केचुआ भाषेला राजभाषेचा दर्जा दिला. इंका साम्राज्याची ही भाषा स्पॅनिश राजवटीत शतकानुशतके अवहेलना सोसून टिकली. अँडीज पर्वतराजीतील लाखो लोक ती आजही बोलतात. त्या निर्णयानंतर दोनच वर्षांनी, १९७७ साली, ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला. त्यात ग्रीडो नावाचा हिरव्या कातडीचा भाडोत्री शिकारी जी भाषा बोलतो, ती ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी केचुआच्या ध्वनींवरून बेतली. १९८३ च्या चित्रपटात तीच भाषा जबा या लिबलिबित गुन्हेगाराच्या तोंडी आली. भंगार गोळा करणाऱ्या बुटक्या जावांच्या बोलीसाठी झुलू भाषेचे ध्वनी कामी आले. राजकन्या आणि तिला सोडवणारे वीर मात्र इंग्रजी बोलतात.

यावर ठरलेले उत्तर असे की, कानाला अनोळखी वाटेल अशी भाषा हवी होती. अनोळखी कोणाच्या कानाला? कुस्को शहरात चित्रपट पाहणाऱ्या केचुआ भाषकाच्या कानाला? १९८३ च्या त्याच चित्रपटात एका परग्रहवासी वैमानिकाचे संवाद केनियाच्या एका विद्यार्थ्याने खऱ्या आफ्रिकी भाषेत म्हटले होते, आणि तिकडच्या प्रेक्षकांना ते चक्क समजले. परग्रहाची भाषा म्हणून जी जगापुढे मांडली, ती कोणाच्या तरी घरात चुलीपाशी बोलली जात होती. प्रेक्षक म्हणून त्या घराचा विचारच झाला नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या १९६५ च्या कादंबरीत वाळवंटातील फ्रेमेन लोकांच्या तोंडी अरबी वळणाचे शब्द भरपूर आहेत. महदी, जिहाद, लिसान अल-गैब, मुअद्दिब ही त्यांतील काही. त्यांच्या ‘चाकोब्सा’ भाषेचे नाव कॉकेशस पर्वतातून आलेले आहे. हर्बर्टवर आक्षेप घेता येतात. बाहेरून आलेला राजपुत्रच या लोकांचा त्राता ठरतो, हा त्यांतला मोठा. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांनी या शब्दांना वंशावळ दिली. फ्रेमेन हे ग्रहोग्रही हाकलल्या गेलेल्या एका धर्मपंथाचे वारस आहेत, आणि तो पंथ ज्या स्मृती घेऊन आला त्या या शब्दांत उरल्या आहेत.

२०२१ च्या चित्रपटात ‘जिहाद’ हा शब्द गेला. ‘महदी’ राहिला. तारणहार चालतो, पण त्याच्या नावाने पेटणाऱ्या युद्धाचे मूळ नाव चालत नाही! चित्रपटांसाठी फ्रेमेनांची भाषा नव्याने रचणारे भाषारचनाकार डेव्हिड पीटरसन यांचा युक्तिवाद असा की, कथा वीस हजारांहून अधिक वर्षांनंतरची आहे आणि एवढ्या काळात ओळखू येईल अशी अरबी टिकणे अशक्य आहे. भाषाशास्त्र म्हणून हे खरे आहे. पण मग नायकाचे नाव पॉल कसे टिकले? त्याची आई जेसिका कशी? त्याच्या शूर साथीदाराचे नाव डंकन आयडाहो आहे, आणि आयडाहो हे तर अमेरिकेतील एका राज्याचे नाव! पडद्यावरची इंग्रजी ही भाषांतराची सोय समजून सोडून देऊ, परंतु नावांचे भाषांतर होत नसते. वीस हजार वर्षांची झीज अरबीला लागू पडते आणि आयडाहोला लागत नाही, तेव्हा तो निकष भाषाशास्त्राचा राहत नाही.

२००२ ची ‘फायरफ्लाय’ मालिका घ्या. अमेरिका आणि चीन या दोन सत्तांच्या संस्कृती एकजीव झालेले भविष्य तिथे आहे, म्हणून पात्रे रागाच्या भरात चिनी शिव्या देतात. मुख्य पात्रे नऊ. त्यांत चिनी वंशाचे एकही नाही.

खरी सरमिसळ कशी होते, हे पाहायला मराठी माणसाला अंतराळात जावे लागत नाही. आपल्याच भाषेतील उसने शब्द पाहा. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडशी जोडलेले. म्हणजे ते नाते घरातले, माजघरातले. अर्ज, फिर्याद, जामीन, दस्तऐवज ही देणगी फारसीची. म्हणजे कचेरी कोणाच्या हाती होती ते कळते. पाव, बटाटा, पगार, घमेले हे पोर्तुगिजांकडून आले. भटारखाना, बांधकाम आणि रोजंदारी यांचा तो इतिहास. भाषा कुठे भेटल्या, कोणी हुकूम दिला आणि कोणी ऐकला, हे शब्द सांगतात. शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो कचेरीतील शब्द हा सत्तेचा प्रश्न आहे हे ओळखूनच.

याहून नवलाची गोष्ट सांगली जिल्ह्यातील कुपवाडची. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की, शतकांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली आहे, मात्र प्रत्येक समाजाने आपले शब्द राखले आहेत. व्याकरण मिसळले, शब्दकोश वेगळा राहिला, कारण घरातल्या भाषेवर माणसाची ओळख अवलंबून होती. चार परके शब्द पेरून ‘मिश्र संस्कृती’ उभी करणाऱ्या किती लेखकांना असे जग सुचेल?

प्रामाणिक काम अशक्य नाही. ‘द एक्स्पान्स’ ही कादंबरीमाला आणि तिच्यावरील २०१५ ची मालिका पाहावी. लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणाऱ्या, अनेक देशांतून आलेल्या मजुरांची तिथे एक संकरित बोली आहे. मालिकेसाठी ती निक फार्मर यांनी रचली. अंतराळपोशाखात चेहरा आणि आवाज पोहोचत नाही, म्हणून हे लोक मोठे हातवारे करतात, आणि पोशाख उतरल्यावरही ती सवय राहते. स्वतःला ते ‘बेल्टालोडा’ म्हणतात, आतल्या ग्रहांवरच्या धनिकांना ‘इन्यालोडा’. समोरचा माणूस पाहून बोली दाट किंवा पातळ करतात. बेळगावच्या बाजारात उभ्या राहिलेल्या कोणालाही हे शिकवावे लागणार नाही.

कल्पित ग्रहांच्या भाषेसाठी सीमाभागातील माणसाने एवढे का तळमळावे, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही हाच व्यवहार सोसत आहोत, म्हणून. मराठी गोड आहे, मराठी नाट्यगीते व्हावीत, उत्सवात लेझीम खेळावी, याला कोणाची हरकत नसते. शाळेत मराठी शिक्षक मागितला, कागदपत्रे मराठीत मागितली, की भुवया उंचावतात. संविधानाचे ३५०अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करण्यास सांगते. सजावटीची भाषा मागणाऱ्याला या कलमाची गरज पडत नाही. ध्वनी चालतो आणि भाषक नको असतो, तेव्हा भाषेचे काय होते हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

म्हणूनच मराठी विज्ञानकथाकारांकडे मागणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे. परकी भाषा कथेत जरूर आणावी. आणताना त्या दोन भाषा कुठे भेटल्या ते ठरवावे: बाजारात, कारखान्यात, लग्नात की न्यायालयात. कोणी कोणाचे शब्द घेतले आणि का, ते ठरवावे. ती भाषा बोलणारे पात्र पहारेकरी किंवा खलनायक एवढेच आहे का, हे तपासावे. आणि छापण्यापूर्वी ती भाषा ज्याच्या घरात बोलतात अशा एका तरी माणसाला मजकूर वाचून दाखवावा. कन्नड, कोकणी, तेलुगू, गुजराती बोलणारे आपल्या भिंतीपलीकडेच राहतात. आपल्या मराठीसाठी जो न्याय आपण मागतो, तो त्यांच्या भाषेला आपल्या कथेत दिलाच पाहिजे.