पहारेकऱ्याची थैली

रेल्वेचा मोठा अपघात झाला की मंत्रिमहोदय घटनास्थळी धावतात, मदतीचे आकडे जाहीर होतात आणि रेल्वे-सुरक्षा आयुक्तांची चौकशी सुरू होते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची; लोकांचे लक्ष तिच्याकडेच सर्वांत कमी असते. २० नोव्हेंबर २०१६ रोजी इंदूरहून पाटण्यास निघालेली गाडी कानपूरजवळ पुखरायां येथे घसरली व सुमारे दीडशे माणसे प्राणांस मुकली. ज्या माळव्यात आगगाडी यावी म्हणून तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, तेथील इंदूर-देपालपूरचा प्रवासी आणि आपला कोकणचा प्रवासी यांची स्थिती एकच आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली, तो आघात किनारपट्टी विसरलेली नाही.

तपासणाऱ्याने, ज्याला तपासायचे त्याच्याच हाताखाली राहू नये, हे परक्या सरकारलाही पटले होते. १९४१ साली रेल्वे-निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या अंमलातून काढून टपाल व हवाई खात्याकडे सोपविण्यात आले. आज सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. आगगाड्यांवरील पहारा विमानखात्याने करावा हे ऐकून हसू येईल, पण हेतू हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आयुक्तांच्या संमतीवाचून नव्या मार्गावर प्रवासी गाडी सुटत नाही. मात्र आयोगाचे अधिकारी रेल्वेच्याच अभियंत्यांतून येतात, लखनौचे मुख्य आयुक्त व नऊ मंडळे एवढ्यावर साऱ्या देशाचा भार आहे, आणि अपघातानंतरच्या शिफारशी रेल्वेने मानल्याच पाहिजेत असेही नाही.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ सालीच रेल्वेपासून स्वतंत्र, कायद्याने स्थापिलेले सुरक्षा प्राधिकरण मागितले होते. पाच वर्षांत सुरक्षेवर एक लाख कोटी खर्चावेत, हेही तिचेच म्हणणे. पुढे २०१७-१८ पासून तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष निघाला. प्राधिकरणाचा कायदा मात्र निघाला नाही. पैसा आला आणि पहारेकरी राहिला! परिणाम महालेखापरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालात दिसतो: पहिल्या चार वर्षांत रेल्वेने स्वतःच्या मिळकतीतून २०,००० कोटी रुपये कोषात घालावयाचे होते, त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक घातलेच नाहीत. त्यानंतर २ जून २०२३ रोजी बालासोरला जे घडले, त्याच्या चौकशीत सिग्नल-कामातील हयगय उघड झाली.

ही कुचराई उघडकीस आणणारे महालेखापरीक्षक निर्भयपणे लिहू शकतात, याचे एक कारण असे की घटनेने त्यांच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च भारताच्या एकत्रित निधीवर प्रभारित केला आहे. तो कोणा मंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. सुरक्षा आयोगास हीच तरतूद का असू नये? स्वतःचे तंत्रज्ञ, स्वतःची प्रयोगशाळा आणि ज्यांना पुन्हा रेल्वेत परतायचे नाही असे अधिकारी यांस लागणारी रक्कम रेल्वेच्या एकूण खर्चापुढे नगण्यच ठरेल. खर्च वाढेल हा आक्षेप म्हणूनच आम्हांला टिकणारा वाटत नाही. खरी अडचण रेल्वे बोर्डाच्या अधिकाराची आहे, आणि ती संसदेनेच सोडवावयाची आहे. कोकणच्या खासदारांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात काकोडकर अहवाल पटलावर मागवून सरकारकडून स्पष्ट उत्तर घ्यावे.