बोटांना कळणारे नाणे

नाण्याचे रूप कसे असावे, हा प्रश्न केवळ टांकसाळीतील तंत्रज्ञांचा नव्हे. ज्याला नाण्यावरील अक्षर दिसत नाही वा वाचता येत नाही, त्याच्या बोटांना तरी ते कळले पाहिजे.

या कसोटीवर २०११ ची मालिका उणी ठरली. तीत दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरचे, तर पाचाचे अवघे २३ मिलिमीटरचे! पाचाचे वजन अधिक होते हे खरे. पण आकाराने लहान ते मोलाने मोठे, हा न्याय उफराटाच होता. २०१९ च्या मालिकेत तो सुधारला. एक, दोन व पाच रुपयांच्या नाण्यांचा व्यास २०, २३, २५ मिलिमीटर असा चढता झाला. दहा व वीस रुपयांची नाणी २७ मिलिमीटरचीच आहेत. परंतु दहाचे गोल व कडेला खाचा असलेले, तर विसाचे बारा कोनांचे आणि बिनखाचांचे. सत्ताधारी कोणीही असोत, ही सुधारणा स्वागतार्हच होय.

मात्र जुनी नाणीही चलनात आहेत. दहा रुपयांच्या नाण्याची चौदाही रूपे वैध आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला. कारण ती नाकारली जात होती. रूपांच्या या गर्दीत अफवेला बळ मिळते आणि तोटा हातगाडीवाल्याच्या पदरी पडतो. स्मरणनाण्यांची हौस शासनाने संग्राहकांपुरती ठेवावी, चलनी नाण्याचे रूप स्थिर राखावे. आणि वैध नाणे जेथे नाकारले जाईल, तेथे आपल्या कार्यकर्त्यांनी गरिबाच्या बाजूने उभे राहावे.