आधी स्वतःचे छप्पर, मग दुसऱ्याचे गायरान!

'कार्बन न्यूट्रल' हा शब्द आता विद्यापीठांच्या परिसरातही ऐकू येऊ लागला आहे. अर्थ सोपा आहे. वीज, डिझेल, गॅस वापरून आपण जेवढा कार्बन वायू हवेत सोडतो तो जमेल तेवढा कमी करायचा आणि उरलेल्याची भरपाई करायची. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. नॅकच्या मूल्यांकनातही हरित परिसराला गुण आहेत. मग संस्थाचालक खड्ड्यात रोपटे धरून फोटो काढणार हे ओघानेच आले. (तोच खड्डा पुढच्या वर्षीही कामी येतो, ही गोष्ट वेगळी!) आमचा आक्षेप रोपट्याला नाही, हिशेबाला आहे.

जालना जिल्ह्यातील बहुसंख्य महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला संलग्न आहेत. ज्या नावासाठी आंबेडकरी जनतेने १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लढा दिला, घरेदारे जळताना पाहिली, त्या विद्यापीठाचा कारभार विचारण्याचा अधिकार आपल्याइतका कोणाला आहे? आणि वीज हा विषय आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना देशाच्या वीज आणि पाणी धोरणाचा पाया बाबासाहेबांनी घातला. स्वस्त व मुबलक विजेशिवाय या देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणून वसतिगृहातला पंखा बंद करा, असले उपदेश आम्हाला मान्य नाहीत.

आता हिशेब पाहा. आपल्या देशातील बहुतांश वीज आजही कोळशापासून तयार होते आणि एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन वायू हवेत जातो. एखाद्या शिक्षणसंस्थेने महिन्याला एक लाख युनिट वापरले, तर तो ७० टन झाला. उलट दहा हजार चौरस फूट गच्चीवर साधारण १०० किलोवॅटचे सौर पॅनेल बसते. ते वर्षाला एक लाख चाळीस हजार युनिट वीज देते, म्हणजे जवळपास १०० टन कार्बन टळतो. दुपारी वर्ग, प्रयोगशाळा, कार्यालये चालू असतात तेव्हाच ऊन असते. मराठवाड्याला निसर्गाने पाणी दिले नाही, पण ऊन भरपूर दिले!

खरा धोका 'भरपाई' या शब्दात आहे. स्वतःच्या गच्च्या मोकळ्या ठेवून भरपाईसाठी बाहेर जमीन शोधली, तर ती कोणाची असेल? वृक्षारोपणाला आणि सौर प्रकल्पाला सर्वात आधी गायरान दिसते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही कित्येकांच्या सातबाऱ्यावर आजही नाव लागलेले नाही. ते कसतात, पण कागदोपत्री 'अतिक्रमक' ठरतात. २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद स्पष्ट नोंदवला आहे. नोटिसा काढताना हा परिच्छेद मात्र कोणी वाचत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या. बागायतदाराचे नुकसान झाले हे खरेच, पण त्या बागेत रोजाने राबणाऱ्याला तर पंचनाम्यातही जागा नव्हती. हवामान बिघडल्याचा पहिला फटका ज्याला बसतो, त्याच्याच पायाखालची जमीन काढून विद्यापीठाने स्वतःला निर्मळ म्हणवून घ्यावे काय? २०२४ साली माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये पाहिला. कलम १४ समतेचे आहे, हे पर्यावरणवाद्यांनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक. सौर पॅनेलच्या नावाने विद्यार्थ्यांवर 'हरित शुल्क' लादता कामा नये. आधीच शिष्यवृत्ती वर्ष उलटले तरी खात्यावर येत नाही. पॅनेल कंपनीने स्वखर्चाने बसवायचे आणि संस्थेने फक्त युनिटचे पैसे द्यायचे, अशी पद्धत देशात रूढ आहे. वाचलेल्या वीजबिलातून 'कमवा व शिका' योजनेतील मुलांचे मानधन वाढवता येईल. जालन्याच्या स्टील कारखान्यांतील भट्ट्या विजेवर भंगार वितळवतात. तेथे ऊर्जा कशी वाचवावी याचे प्रात्यक्षिक आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी केले, तर रोपट्याच्या फोटोपेक्षा ते कितीतरी मोलाचे ठरेल.

विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. पदवीधरांच्या मतांवर निवडून गेलेल्या आपल्या सदस्यांनी तेथे तीन वर्षांची वीजबिले, डिझेलचा खर्च आणि मोकळ्या गच्च्यांचे क्षेत्रफळ मागावे. अनुदानित महाविद्यालयांकडून हीच माहिती विद्यार्थी स्वतः मागू शकतात. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. अर्जात एक प्रश्न जरूर घालावा : भरपाईसाठी परिसराबाहेरची कोणती जमीन घेतली किंवा मागितली आहे, तिचा गट क्रमांक काय आणि ती आज कोण कसते?