पेटीतल्या सिमकार्डाला धनी कोण?

गावापासून दूर असलेल्या पंपगृहात, वीज उपकेंद्राच्या लोखंडी कपाटात, पवनचक्कीच्या पायथ्याशी, इतकेच काय पण परदेशांत पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यांतसुद्धा, तळहातावर मावेल अशी एक धातूची पेटी बसविलेली असते. तिच्या पोटात आपल्या फोनमध्ये असते तसेच सिमकार्ड असते. एका अंगाने ती पंपाच्या, झडपेच्या किंवा वीजमापकाच्या यंत्रणेशी तारेने जोडलेली असते आणि दुसऱ्या अंगाने, मोबाइल कंपनीच्या जाळ्यामार्फत, कोसच्या कोस दूर असलेल्या नियंत्रणकक्षाशी. टाकीत पाणी किती आहे हे पाहण्यासाठी रोज माणूस धाडावा लागू नये, एवढाच तिचा मूळ हेतू. अभियंते तिला सेल्युलर गेटवे किंवा राउटर म्हणतात. गेल्या दहा वर्षांत या पेट्यांसंबंधी जे जे उजेडात आले आहे ते पाहता माझे असे मत झाले आहे, की त्यांच्यापासून उद्भवणारा धोका हा जितका हल्लेखोरांच्या चातुर्याचा आहे, त्याहून किती तरी अधिक दप्तरांच्या गलथानपणाचा आहे. कारण या पेटीला विकत घेणारा असतो, बसविणारा असतो, वापरणारा असतो, पण तिचा धनी म्हणून कोणाही इसमाचे नाव बहुधा कोठेच लिहिलेले नसते.

कॅनडातील सिएरा वायरलेस कंपनीच्या एअरलिंक पेट्यांचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात, मिराई नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभरचे कॅमेरे आणि राउटर आपल्या कब्जात घेण्याचा सपाटा लावला असता, अमेरिकन सरकारच्या औद्योगिक सायबर सुरक्षा विभागाने इशारा दिला, की एअरलिंकच्या काही जातींच्या पेट्याही तिला बळी पडत आहेत. यात हल्लेखोरांनी कंपनीच्या प्रणालीतील कोणताही गूढ दोष हेरलेला नव्हता. कारखान्यातून निघताना पेटीवर जो पासवर्ड असतो तोच बसविणाऱ्याने कायम ठेवला होता आणि पेटीचे नियंत्रणपृष्ठ सबंध जगाला खुले होते, इतकेच. मिराई पेटीच्या तात्पुरत्या स्मृतीत वास करीत असे, त्यामुळे पेटी बंद करून पुन्हा चालू केली की ती नाहीशी होई. परंतु पासवर्ड तोच राहिला, तर पुन्हा बाधा व्हायला फारसा वेळ लागत नसे.

पुढे २०१९ च्या एप्रिलमध्ये सिस्कोच्या तालोस या संशोधक विभागाने एअरलिंक ईएस४५० या पेटीतील दोषांची एक मालिकाच जाहीर केली. त्यांपैकी एका दोषाचे स्वरूप असे, की ज्याला पासवर्ड ठाऊक आहे त्याला आपली फाइल पेटीत चढवून ती तेथील सर्वोच्च अधिकारानिशी चालविता यावी. आता पासवर्ड कारखान्याचाच ठेवण्याची रीत किती पसरलेली होती हे तीनच वर्षांपूर्वी दिसून आलेले असल्यामुळे, 'पासवर्ड ठाऊक असला तर' ही अट किती दुबळी आहे हे सांगायला नको. हा दोष २०१९ मध्येच चव्हाट्यावर आला होता. तरीही २०२५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिसा या संस्थेला तोच दोष, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या यादीत, नव्याने दाखल करून घ्यावा लागला. साडेसहा वर्षे उलटून गेली होती, आणि त्या जातीच्या पेटीची देखभाल तोवर निर्मात्याने बंदही करून टाकली होती.

या दोन घटनांच्या मध्ये, २०२३ च्या डिसेंबरात, फोरस्काउट या संस्थेच्या संशोधकांनी एअरलिंकमध्ये व तिच्यात वापरलेल्या मुक्त प्रणालींत मिळून आणखी २१ दोष दाखवून दिले. जगभर इंटरनेटवर उघड्या दिसणाऱ्या अशा पेट्या त्यांना ८६,००० हून अधिक आढळल्या, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत. आणि २०१९ पासून जाहीर झालेल्या दोषांवरची दुरुस्ती केल्याची खात्री देता येईल अशा पेट्या शेकडा १० सुद्धा नव्हत्या. निर्मात्याचा कसूर येथे मुळीच नाही असे नव्हे. अनेक पेट्यांत एकच खाजगी किल्ली कायमची कोरून ठेवणे हा त्याचाच प्रमाद. आणि टायनीएक्सएमएल या प्रणालीचे पालनपोषण तिच्या कर्त्यांनी केव्हाच सोडून दिलेले असता ती पोटात बाळगणे, हाही त्याचाच. परंतु निर्मात्याने दुरुस्ती पाठविल्यावरही नऊ दशांश पेट्यांपर्यंत ती पोहोचल्याचा पुरावा नसेल, तर उरलेल्या कसुराचा जाब कोणाला विचारावयाचा?

येथे अभियंत्यांची बाजू न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे, कारण मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित कचेरीत बसून 'अद्ययावत करा' म्हणणे सोपे असते. पेटी जेथे असते तेथे बहुधा माणूस नसतो. दुरून नवी प्रणाली चढविताना मध्येच संपर्क तुटला, तर पेटी कायमची मूक होते, आणि मग कोणाला तरी जीप काढून शे-सव्वाशे मैल जावे लागते. तोवर पंप चालू आहे की बंद, हे नियंत्रणकक्षाला समजत नाही. पाणीपुरवठ्याचा अभियंता पाण्याबद्दल जबाबदार धरला जातो, प्रणालीच्या आवृत्तीबद्दल त्याला कोणी विचारीत नाही; संगणक खात्याच्या मते पंपगृहातील वस्तू त्याच्या अखत्यारीबाहेरची; आणि ज्या ठेकेदाराने ती बसविली त्याची मुदत केव्हाच संपलेली. चाळीच्या सामाईक जिन्यावरचा दिवा गेला म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडकरू अंधारात चाचपडत वर जातो, पण नवा दिवा आणण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते. तोच हा प्रकार. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी आपली तिसऱ्या पिढीची जाळी बंद केली, तेव्हा केवळ त्याच जाळ्यावर चालणाऱ्या जुन्या पेट्या निकामी झाल्या. वर्षानुवर्षांच्या इशाऱ्यांना जे साधले नव्हते ते मनोरे बंद होताच साधले, याला सुरक्षेचे धोरण म्हणण्याचे धाडस मात्र मला होत नाही.

अशी निर्धनी पेटी हल्लेखोराच्या किती उपयोगाची असते, याची कल्पना सामान्य वाचकाला सहसा नसते. माइलसाइट या कंपनीच्या औद्योगिक राउटरांत एसएमएस पाठविण्याची सोय आहे, ती अशासाठी की पाण्याची पातळी घसरली तर देखरेख करणाऱ्याच्या फोनवर सूचना जावी. सेकोइया या फ्रेंच संस्थेने २०२५ मध्ये उघडकीस आणले, की काही पेट्यांतील ही सोय पासवर्डावाचून बाहेरून वापरता येत होती, आणि निदान २०२२ पासून ठकांच्या टोळ्या तिच्याद्वारे बेल्जियमसारख्या देशांतील नागरिकांना सरकारी खात्याच्या नावाने फसवे संदेश धाडीत होत्या. त्या संदेशांचा खर्च सिमकार्डाच्या खातेदारावर पडत असणार हे उघड आहे. तरीही हा उद्योग इतका काळ चालावा, यावरून ती बिले कोण, कशी वाचीत होते याचा अंदाज येतो.

मॉस्कोतील प्रकरण अधिक गंभीर. तेथील भूमिगत गटारे व नळवाहिन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मॉस्कोलेक्टर या संस्थेच्या यंत्रणेवर ब्लॅकजॅक नावाच्या युक्रेनी गटाने केलेला हल्ला २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाला. ८७,००० संवेदक निकामी केल्याचा त्यांचा दावा होता. क्लॅरोटी या संस्थेच्या परीक्षणात मात्र असे दिसले, की बिघडविल्या गेल्या त्या संवेदकांची माहिती गोळा करणाऱ्या सुमारे ५०० पेट्या, आणि त्या बाह्य जगाशी जोडलेल्या होत्या त्या सिमकार्डाच्या राउटरांनी. युद्धकाळातील फुशारकी वजा केली, तरी उरते ते पुरेसे आहे.

आपल्याकडे काय? सुधारित वीजवितरण योजनेखाली देशभर २५ कोटी स्मार्ट वीजमापक बसविण्याचे उद्दिष्ट आहे, आणि त्यांतील माहितीचा मोठा भाग मोबाइल जाळ्यावरूनच वाहणार आहे. महाराष्ट्रात या मापकांवरून जो वाद माजला तो वाढीव बिल, आगाऊ भरणा आणि खाजगीकरण यांभोवती फिरला. ते प्रश्न क्षुल्लक नाहीत. पण या यंत्रणेतील पेट्यांची दुरुस्ती पुढची पंधरा वर्षे कोण करणार, हा प्रश्न एकाही मोर्च्याच्या फलकावर माझ्या वाचनात आला नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या हुकमान्वये सायबर घटनेची वर्दी सहा तासांत देणे सक्तीचे केले आहे. हुकूम योग्यच आहे. परंतु जी पेटी संस्थेच्या नोंदवहीतच नाही, तिच्यात काय घडले याची वर्दी सहा तासांतच काय, सहा वर्षांत तरी कोण देणार?

युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेला सायबर सुरक्षेचा नवा कायदा, ज्याची मुख्य कलमे २०२७ च्या डिसेंबरपासून लागू होतील, निर्मात्यावर सामान्यतः किमान पाच वर्षे दुरुस्त्या पुरविण्याचे बंधन घालतो. हे स्वागतार्ह आहे, पण पुरेसे नाही. पंपगृहातील पेटी पाच वर्षांनी कोणी काढीत नाही. म्हणून निविदेतच देखभालीची अखेरची तारीख मागितली पाहिजे आणि त्या तारखेला पेटी बदलण्याची तरतूद त्याच अंदाजपत्रकात केली पाहिजे. पेटीला सार्वजनिक पत्ता न देता मोबाइल कंपनीकडून खाजगी जाळे घ्यावे, हा उपायही नवा नाही. टेलिट सिंटेरियन मोडेमवर केवळ एसएमएस पाठवून ताबा मिळविता येतो असे २०२३ मध्ये कॅस्परस्कीने दाखविले, तेव्हाही अनावश्यक एसएमएस बंद करणे आणि खाजगी जाळे वापरणे हेच सुचविले गेले होते.

परंतु या सर्वांच्या आधी पेट्या किती आहेत हे कळले पाहिजे, आणि ते कळण्याचा मार्ग सुदैवाने कोणत्याही तज्ज्ञाशिवाय मोकळा आहे. दूरसंचार खात्याने यंत्रांच्या सिमकार्डांना तेरा अंकी क्रमांक ठरवून दिलेले आहेत, आणि प्रत्येक चालू सिमकार्डाचे पैसे कोणी ना कोणी भरत असतो. नगरपालिकेने, वीज कंपनीने, साखर कारखान्याने मोबाइल कंपनीकडून आपल्या अशा क्रमांकांची यादी मागवावी, एकेक क्रमांक कोणत्या पेटीत आहे ते जागेवर जाऊन पडताळावे, आणि त्याच्यापुढे एका अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा लिहावा. हे काम हुशार कारकुनाचे आहे. जी सिमकार्डे ठेकेदाराच्या नावावर निघतील ती आधी संस्थेच्या नावावर करून घ्यावी लागतील, आणि त्यासाठी ठेक्याची मुदत संपण्याची वाट पाहण्याचे काही कारण नाही.