टिप द्यायची की नाही?

आमच्या नेरला हॉटेलात टिप देताना मी कुणाला पाहिलं नाही. स्टँडजवळ आलुबोंडा खाल्ला, चहा घेतला, गल्ल्यावर पैसे दिले की यवतमाळ नाहीतर अमरावतीची एस.टी. पकडायला मोकळे. म्हणून अमेरिकेतला माझा मामेभाऊ निघताना प्लेटखाली पन्नासची नोट ठेवून उठला, तेव्हा वाढणारा पोरगा ती घेऊन रस्त्यापर्यंत धावत आला. "दादा, पैसे राहिले तुमचे!" दादाने खूप समजावलं, तरी तो नोट धरून उभाच. मालक "घे रे" म्हणाले तेव्हा कुठे खिशात घातली. बाबांना काही ते पटलं नाही. "तिकडची फॅशन इकडे कशाला?"

दादा म्हणतो, तिकडे टिप म्हणजे मेहरबानी नाही, तो पगारच आहे. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. पण वेटरला मालकाने २.१३ डॉलर दिले तरी चालतं, उरलेले टिपमधून यायचे. हा आकडा १९९१ पासून तोच आहे! (कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र पूर्ण वेतन द्यावं लागतं.) म्हणून बसून जेवलात तर १५ ते २० टक्के ठेवायचे. एम.एस.ला जाणाऱ्या सीनियर्सनी हे लक्षात ठेवा. पद्धत चुकीची आहे हे मलाही मान्य, पण त्याची शिक्षा वेटरला कशाला? पटत नसेल तर रूमवर खिचडी लावा. लंडनमध्ये आधी बिल वाचा, सर्व्हिस चार्ज बहुतेक त्यातच असतो. आणि जपानमध्ये टिप ठेवलीत तर ती परत द्यायला मागे धावत येतात म्हणे. अगदी आमच्या नेरसारखं!

पण आपल्याकडे टिप नाहीच, असं थोडंच आहे? आजी दरवर्षी पोस्टमनकाकांना दिवाळीची पोस्त देते. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला पोस्त म्हणजे पोस्टाचंच काहीतरी वाटायचं.) खुशाली हाही किती छान शब्द. पण ताईची डिलिव्हरी झाली तेव्हा दवाखान्यातल्या आयाने आमच्याकडून खुशालीचे शंभर रुपये मागितले आणि शेजारच्या खाटेवाल्यांकडून पाचशे. कारण त्यांना मुलगा झाला होता. बाबांनी वाद घालून पाचशेच दिले. टिपच्या विरोधात असलेले माझे बाबा! ते बरोबर वागले की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आया तरी काय करणार, तिचा पगार किती असेल?

या दिवाळीला आमच्या मजल्यावर मेसच्या मावशींसाठी पोस्त गोळा केली. पिझ्झावाल्याला वीस रुपये सोडणाऱ्या दोघी म्हणाल्या, "मेसचं बिल भरतो ना आपण!" तरी सहाशे चाळीस जमले. मावशींनी दोनदा मोजले आणि विचारलं, "कोण्या पोरीचे राहिले हे?"