देवालयावाचून टिकलेला धर्म

यहुदी म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित वाचकास आठवतात ती ठिबक सिंचन, मोसाद आणि इस्रायलची युद्धे. ज्या धर्माने हा समाज शतकानुशतके विखुरलेला असूनही एक ठेवला, त्या धर्माविषयी मात्र आपले ज्ञान जवळजवळ शून्य. हे कुतूहलाचे दारिद्र्यच म्हणावे लागेल.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. तेथील बली आणि पुरोहितवर्ग हाच तोवर यहुदी उपासनेचा केंद्रबिंदू होता. केंद्र गेले, तरी धर्म उरला. पुढील पिढ्यांच्या रब्बींनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, बलीच्या जागी प्रार्थना व अध्ययन आणले आणि आचाराचा मोठा भार घरावर सोपविला.

सिद्धान्त तसा थोडक्यात सांगता येतो. ईश्वर एक व निराकार आहे. त्याने इस्राएलाच्या वंशाशी करार केला. मोशेला मिळालेली ‘तोरा’ ही त्या कराराची संहिता. ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारी ‘शमा’ सकाळ-संध्याकाळ म्हणायची. बाराव्या शतकात मायमोनिडीसने श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली खरी, पण या धर्माचा खरा भर आचारावर आहे. मुलाची सुंता आठव्या दिवशी. डुकराचे मांस वर्ज्य. मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही, खायचे नाही. कर्मठ घरांत दोहोंची भांडीही निराळी. सोवळे पाहिलेल्या मराठी घरांना यात नवल वाटू नये! शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गृहिणी दिवे लावते आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत सारे काम थांबते. हाच शब्बाथ. वल्हांडणाच्या रात्री घरातील धाकटे मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारे मिसरातील दास्यमुक्तीची कथा सांगतात. इतिहास असा जेवता जेवता पुढच्या पिढीकडे जातो.

या व्यवस्थेचे बळ पाहण्यास जेरुसलेमपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपले कोकण पुरे आहे. अलिबागच्या परिसरात स्थिरावलेल्या बेने इस्राएल समाजाकडे दीर्घकाळ ना रब्बी होता, ना तोरेची पोथी. हिब्रूही जवळजवळ विस्मृतीत गेली होती. पण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शमा, सुंता, आहाराचे नियम आणि हा शनिवार, एवढ्या शिदोरीवर तो समाज यहुदी राहिला. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली.

१९४८ नंतर यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा येथे मोजकेच उरले होते. परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातील गावांत तेवढे जमणेही आता कठीण आहे. घरच्या शब्बाथला अशी संख्येची अट नाही.