शिकवणारे कोण?

फ्रँकफर्टला आलेल्या पाहुण्यांना आपण रोमरबर्ग दाखवतो, माइन नदीच्या काठाने फिरवून आणतो. हाउप्टवाखे स्थानकाच्या भुयारी मजल्यावरचं डायलॉगम्युझियम मात्र बहुतेकांचं राहून जातं. तिथे मिट्ट काळोखात अंध मार्गदर्शक डोळसांना वाट दाखवतात. आन्द्रेआस हाइनेके यांनी १९८८ मध्ये याच शहरात सुरू केलेला हा प्रयोग पुढे जगभर गेला. काळोखात नेमकं बोलावं लागतं, कान देऊन ऐकावं लागतं, न संकोचता मदत मागावी लागते. ज्यांना आपण सॉफ्ट स्किल्स म्हणतो, ती इथे अंध माणसं शिकवतात.

महाराष्ट्रातल्या दिव्यांग तरुणांसाठी याच सॉफ्ट स्किल्सचे ऑनलाइन कोर्स तयार करावेत, असं इथल्या मराठी आयटीवाल्यांना मनापासून वाटतं. पण मुलाखतीच्या तयारीचा पहिलाच धडा ‘नजरेला नजर भिडवून बोला’ असा असेल, तर तो अंध मुलीला काय शिकवणार? स्वमग्न मुलाला तर तो छळच वाटेल. त्यापेक्षा नोकरीच्या जागी कोणती सोय हवी हे ठामपणे कसं सांगावं, ते शिकवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशी सोय मागण्याचा हक्क दिला आहे. आणि ते शिकवायला असे तरुण हवेत, ज्यांनी स्वतः ती सोय मागून मिळवली आहे. त्यांना मानधन द्या, आराखड्याच्या पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या.

मग तांत्रिक बाजू. मराठीतली अडचण फार जुनी आहे: श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो, स्कॅन केलेलं पान तर नुसतं चित्र. मजकूर युनिकोडमध्येच हवा. अनेक कर्णबधिर मुलांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. त्यांना मराठी उपशीर्षकं पुरत नाहीत, सांकेतिक भाषेतला व्हिडिओही लागतो. चाचणीला घड्याळ लावू नका. माउस न वापरता, फक्त कीबोर्डवर सगळा कोर्स पुरा होतो का, ते पाहा.

जर्मनीत २८ जून २०२५ पासून अनेक डिजिटल सेवा सुलभ असणं कायद्याने बंधनकारक झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. म्हणजे दोन्हीकडे हा आता उपकाराचा विषय उरलेला नाही.

या अंकाची ई-आवृत्ती युनिकोडमध्ये आहे, प्रत्येक चित्राचं वर्णनही दिलं आहे. स्क्रीन रीडरवर वाचताना कुठे अडलं, तर जरूर कळवा.